जादू कुणाचं देणं लागते? काल्पनिक जगाची जादू आणि दैवतकथा रचण्याची एक पद्धत

फँटसी लिहायला बसलेले बरेच जण वहीच्या पहिल्या पानावर शक्तींची यादी करतात. एकाला आग वश, एकीला वारा, तिसऱ्याला जनावरांची भाषा कळते. मग प्रत्येक शक्तीचा देव, त्या देवाचं वाहन, त्याचं शस्त्र. चार दिवसांत तीस पानं भरतात आणि कथा मात्र जागची हलत नाही, कारण या यादीत कुणालाच काही कमी पडत नाही.

माझं म्हणणं असं की जादू हा व्यवहार आहे. कुणीतरी मागतं, कुणीतरी देतं आणि बदल्यात काहीतरी चुकतं करावं लागतं. दैवतकथा म्हणजे त्या व्यवहाराबद्दल लोक पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेला वाद: मूळ कर्ज कुणी काढलं, फेडायचं कुणी, सूट कुणाला. दोन्ही एकाच मुळातून वाढवल्या तर जग एकसंध वाटतं. वेगवेगळ्या वह्यांत रचल्या तर जादू एकीकडे आणि पुराण दुसरीकडे, अशी फाटाफूट वाचकाला लगेच जाणवते.

ही पद्धत समजावताना मी एक काल्पनिक जग सोबत बांधत नेणार आहे. तुम्ही तुमचं जग बाजूला ठेवून वाचा आणि प्रत्येक टप्प्यावर तोच प्रश्न स्वतःच्या जगाला विचारा.

नवसाकडे नीट बघा

जादूचे नियम शोधायला लांब जायची गरज नाही. नवस ही आपल्याकडची पूर्ण व्यवस्था आहे आणि ती आपण घरात ऐकत वाढलो आहोत. नवस बोलायला ठरावीक देव लागतो, कुठल्याही देवापुढे कुठलाही नवस चालत नाही. जे कबूल केलं ते नेमकं कबूल करावं लागतं: पाच नारळ म्हटले की पाचच. काम झालं की फेडायचा, आणि लांबवला तर घरात काहीतरी बिनसतं अशी धास्ती असते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो माणसाबरोबर संपत नाही. आजोबांनी बोललेला आणि राहून गेलेला नवस नातवाच्या लग्नात अडचण म्हणून उभा राहतो, असं मानणारी घरं आजही आहेत.

यातून कुठल्याही जादूला विचारायचे पाच प्रश्न मिळतात. मागायचं कुणाकडे? मागण्याचा अधिकार कुणाला? मोबदला काय, आणि तो आधी द्यायचा की नंतर? बुडवला तर काय होतं? आणि मेलेल्या माणसाची थकबाकी कुणाच्या नावावर चढते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लेखक लिहीत नाहीत. खरं तर कादंबरीचा अर्धा ऐवज तिथेच असतो.

श्रावणातल्या कहाण्याही या नजरेनं वाचून बघा. वसा घेण्याची रीत, किती वर्षं करायचा, उतलं-मातलं तर काय ओढवतं, पुन्हा सावरायचं कसं, उद्यापन कधी, हे सगळं प्रत्येक कहाणीत पान-दीड पानात बसवलेलं असतं. नियम आणि गोष्ट एकाच दमात कशी सांगावी याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही.

टप्पा पहिला: काय कमी आहे ते ठरवा

शक्तीच्या आधी टंचाई. तुमच्या जगात लोक रोज कशासाठी धडपडतात? जमीन, पाऊस, मीठ, सुरक्षित रस्ता, मुलं जगणं, काहीही असू शकेल. पण एकच ठरवा आणि भूगोलातून आणा.

आपलं जग घाटाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत ठेवू. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ढग डोळ्यांना दिसतात आणि पुढे निघून जातात. असं एक पठार घ्या, त्यावर सात गावं. खाली काळा पाषाण आणि त्याच्याही खाली वाहणारी एक नदी, जिचा आवाज रात्री विहिरीत कान दिला की ऐकू येतो. पाणी आहे, पण हाताला लागत नाही. जादूची जागा ही.

टप्पा दुसरा: मोबदला असा निवडा की तो चोरता येईल

रक्त, आयुष्याची वर्षं, आठवणी हे मोबदले आता फार वापरून झाले आहेत. शिवाय त्यांत एक अडचण आहे: ते देणाऱ्याचं वैयक्तिक दुःख होऊन राहतात, त्यातून समाज उभा राहत नाही. मोबदला असा हवा की जो सगळ्यांकडे थोडाथोडा असतो, साठवता किंवा हिसकावता येतो आणि गेल्यावर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या कामावर दिसतो.

आपल्या पठारावर मोबदला आहे झोप. एक रात्रभराची झोप दिली की विहिरीत एक घागर पाणी चढतं. देणारा रात्रभर टक्क जागा राहतो, डोळा मिटला तरी झोप लागत नाही, आणि पहाटे घागर भरलेली असते.

इथे थांबून हिशोब करा. हा टप्पा मला सगळ्यांत आवडतो, कारण जगाचं राजकारण आकडेमोडीतून आपोआप बाहेर पडतं. एका गावात तीनशे माणसं, त्यांत मोठी २१०. माणूस टिकून राहायचा तर आठवड्यातून एकच रात्र देऊ शकतो असं धरू. म्हणजे रोज ३० जण जागणार, ३० घागरी. घागर पंधरा लिटरची धरली तर ४५० लिटर. तीनशे माणसांत वाटलं की माणशी दीड लिटर. जेमतेम पिण्यापुरतं. भांडी, अंघोळ, जनावरं यांना काही उरत नाही. म्हणून या गावात गुरं नसणार, किंवा असलीच तर गाय पाळणं म्हणजे श्रीमंतीचा डौल. भांडी राखेनं कोरडी घासली जाणार. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवणं ही फार मोठी गोष्ट होणार, कारण घरातल्या कुणाच्या तरी रात्रीतलं ते पाणी आहे.

आता शेती. एक एकरावर एक इंच पाणी द्यायचं तर साधारण १ लाख ३ हजार लिटर लागतं. घागरींत मोजलं तर ६,८०० च्या पुढे. तेवढ्या रात्रींची झोप! त्यामुळे या पठारावर कुठेही हिरवंगार शेत दिसलं तर वाचकाला आणि पात्रांना एकच गोष्ट कळते: या मालकानं शेकडो माणसं जागी ठेवली आहेत. खलनायक शोधायची गरज पडली नाही. त्याचा मळाच त्याची ओळख सांगतो.

तुमची जादू कुठलीही असो, तिचं एक माप ठरवा, एका घराला आणि एका गावाला किती लागतं ते कागदावर मांडा. हे आकडे कादंबरीत छापायचे नाहीत. पण ते माहीत असले की स्वयंपाकघरापासून दरबारापर्यंत तुमचा हात चुकत नाही.

टप्पा तिसरा: पळवाटा तुम्हीच आधी शोधा

माणसं नियमाला बगल देणार हे गृहीत धरा. लहान मुलांची झोप चालते का? चालत असेल तर गरिबाघरची मुलं विकली जातील, आणि चालत नसेल तर वयाबद्दल खोटं बोललं जाईल. दोन्हींतून गोष्ट निघते, फक्त एक पक्कं करा. झोपेचं औषध देऊन निजवलेल्या माणसाची झोप धरली जाते का? एकाची झोप दुसऱ्याच्या नावावर देता येते का? आली तर मजुरी सुरू झाली, मजुरी आली की मुकादम आला, उचल आली, उचलीत अडकलेली कुटुंबं आली.

मग कुणाकडे देण्यासारखं काही उरतच नाही ते बघा. तान्हं मूल असलेल्या बाईला झोपच नसते, ती काय देणार? म्हाताऱ्या माणसांची झोप आपोआप उडालेली असते. या पठारावर बाळंतीण आणि म्हातारी माणसं ‘न देणारी’ ठरतील आणि त्यांच्या वाट्याचं पाणी हा घराघरांतल्या भांडणाचा विषय होईल. एखादी सून सासूला म्हणेल, ‘आत्याबाई, तुमच्या वाटणीची रात्र पण मीच काढतेय.’ एवढ्या एका वाक्यात जादूचा नियम, नातं आणि थकवा सगळं आलं.

तीन-चार पळवाटा उघड्या ठेवा, बाकीच्या बुजवा. आणि प्रत्येक बुजवलेल्या पळवाटेला कारण द्या, कारण पुढचा टप्पा त्याच कारणांचा आहे.

टप्पा चौथा: दैवतकथा, पण एका तोंडून नको

खऱ्या दैवतकथा काय काम करतात ते आधी बघू. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर उल्कापातानं झालेल्या विवरात आहे, पाणी खारट आणि क्षारयुक्त. लोककथा सांगते की तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. डोळ्यांपुढे असलेल्या एका विचित्र गोष्टीचा उलगडा, हे कथेचं पहिलं काम. पंढरपुरात रखुमाई विठ्ठलाशेजारी उभी नाही, तिचं देऊळ वेगळं आहे, आणि ती रुसून दिंडीरवनात आली ही कथा त्या अंतराला अर्थ देते.

दुसरं काम जास्त खोल आहे. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याघरची, बाणाई धनगराची. सवतींची भांडणं गाण्यांतून रंगवली जातात, आणि त्या निमित्तानं वेगवेगळ्या समाजांना एकाच देवाच्या घरात नात्याची जागा मिळते. शत्रूसुद्धा बाहेर राहत नाही, मरताना शरण आलेल्या मणी दैत्यालाही देवाजवळ स्थान मिळतं. रा. चिं. ढेरे यांनी आणि गुंथर सोंथायमर यांनी दैवतांच्या अशा घडणीचा आयुष्यभर अभ्यास केला. देव कुणाचे नातेवाईक आहेत हे पाहिलं की समाजाचा नकाशा दिसतो, ही दृष्टी त्यांच्या लेखनातून शिकण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे तीच कथा कोण सांगतं यावर बदलते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या ओव्यांतल्या सीतेचा वनवास दळणाऱ्या बाईच्या तोंडून येतो, आणि तिथे सीता आधी एक सासुरवाशीण असते. तुमच्या जगातही देवळातली कथा आणि जात्यावरची कथा वेगळी हवी.

आपल्या पठाराची देवी आहे निजाई. तिची कथा तिघांच्या तोंडून लिहून काढू.

देवळातले पुजारी सांगतात: निजाई खडकाखाली झोपलेली होती, तिच्या श्वासाबरोबर पाणी वर यायचं. माणसांनी विहीर खणली, घणाच्या आवाजानं ती जागी झाली, पाणी खाली गेलं. तिची मोडलेली झोप आपण सगळे थोडी थोडी भरून देतो.

विहिरी खणणारे सांगतात: देवी-बिवी नव्हती. आमच्यातल्याच एकाची सून होती. पाणी लागेना म्हणून तिला खाली उतरवलं आणि वर दगड ठेवला. ती अजून तिथे जागी आहे. (पाणी लागावं म्हणून सुनेचा बळी दिल्याची कथा दख्खनच्या लोकगीतांत येते. ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्यात राक्षस नाही, घरचीच माणसं आहेत.)

मळ्याचे मालक सांगतात: आमच्या मूळपुरुषाशी निजाईचं लग्न लागलं. पाणी हे आमच्या घरचं आहे. लोक रात्री देतात ते देवीचं माहेरपण आणि आमचा मान.

तिन्ही कथा एकाच नियमाला धरून आहेत: झोप द्यायची, पाणी घ्यायचं. पण पहिलीत सगळे सारखे देणेकरी आहेत, दुसरीत एका गुन्ह्याचे वारस देणेकरी आहेत आणि तिसरीत देणेकरी फक्त गरीब. गावात भांडण पेटेल तेव्हा कुणी तलवारीची भाषा करण्याआधी कुठली कथा खरी यावरून पेटेल. लेखक म्हणून तुम्हाला खरं काय ते माहीत असलं पाहिजे, पण ते शेवटपर्यंत न सांगण्याची मुभा स्वतःला ठेवा. माझी पसंती दुसऱ्या कथेला आहे. तुमच्या जगाची खरी कथा निवडताना, सत्तेतल्या लोकांना जी सगळ्यांत गैरसोयीची असेल ती आधी तपासून बघा.

भुतांनाही हाच न्याय. आपला मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समाजानं ज्यांचं काही देणं बाकी ठेवलं, अशी ही मंडळी आहेत. पठारावरचं भूत कोण असेल ते आता सहज सुचतं: सलग इतक्या रात्री जागवला गेलेला मजूर की मेल्यावरही ज्याला झोप लागत नाही.

टप्पा पाचवा: वस्तू, विधी, निषेध

जग खरं वाटतं ते हाताला लागणाऱ्या वस्तूंमुळे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. राखणदार देव या कल्पनेला झिजलेला तळवा मिळाला आणि ती डोळ्यांपुढे उभी राहिली. कौल लावण्यातही तेच. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठली आधी पडते ते बघत सगळ्यांनी श्वास रोखायचा. दैवी उत्तर मिळायची इतकी साधी आणि इतकी ताणलेली पद्धत कुठल्याही चमकत्या स्फटिकगोलापेक्षा प्रभावी आहे.

पठारावर मी एकच वस्तू ठेवीन: उशाचा दगड. प्रत्येक घराचा एक, विहिरीच्या काठावर मांडलेला. ज्याची रात्र असेल त्यानं त्यावर डोकं ठेवून पडायचं. पिढ्यांच्या डोक्यांनी मधोमध खळगा पडलेला. श्रीमंताघरचा दगड मात्र खडबडीत, जणू कालच फोडून आणलेला. लग्नात मुलीबरोबर दगड जातो की नाही, घर वेगळं झालं की दगड कुणाकडे, हे प्रश्न एका वस्तूतून निघाले. अशी एक वस्तू दहा मंत्रांचं काम करते.

निषेध ठरवताना त्याला व्यवहारी पोट ठेवा. देवराईतून वाळलेली काटकीही उचलू नये हा नियम देवाच्या धाकानं पाळला जातो, आणि त्या राईत बऱ्याचदा गावाचा झरा असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तो याच दुव्यामुळे महत्त्वाचा ठरला. पठारावर रात्री मोठ्यानं बोलायची बंदी असेल, कारण देवी जागी होते. प्रत्यक्षात ज्यांची आज रात्र नाही, त्यांची झोप राखली जाते.

विधीची भाषा छोटी ठेवा आणि सामूहिक ठेवा. कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं असेल तर आठवा: एक जण देवापुढे गावाचं म्हणणं मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमाव ‘होय महाराजा’ म्हणतो. मजकूर रोजच्या बोलीतला असतो, तरी वजन पडतं. संस्कृतचा वास येणारे लांबलचक मंत्र रचण्यात वेळ घालवू नका.

नावांबद्दल एवढंच: यमाई, काळूबाई, म्हसोबा, वेतोबा ही नावं जिभेवर घोळलेली आहेत. तुमच्या देवांची नावंही शेतात हाक मारता येतील अशी असू द्यात.

ज्याचा खऱ्या माणसांना त्रास झाला, ते जपून वापरा

हा मुद्दा मी टाळणार नाही. आपल्याकडे ‘डाकीण’ ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. करणी, भानामतीच्या नावानं घरं उद्‌ध्वस्त झाली आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो फार मोठी किंमत मोजून. त्यामुळे तुमच्या जगात जर खरोखर दुष्ट चेटकीण असेल आणि गावानं तिला ठेचणं योग्य ठरत असेल, तर ती गोष्ट तुम्ही कुणाच्या बाजूनं सांगताय हे एकदा तपासा. याचा अर्थ चेटूक लिहू नये असा नाही. आरोप कोण करतं, पुरावा काय धरला जातो आणि आरोपानं कुणाची जमीन मोकळी होते, हे लिहा. खऱ्या समाजाच्या चालू श्रद्धेतलं दैवत थेट उचलण्यापेक्षा त्यामागची रीत उचला आणि देव नवा घडवा. निजाई त्यासाठीच नवी आहे.

टप्पा शेवटचा: कथेत उतरवताना

इतकं रचून झालं की सगळं सांगून टाकण्याचा मोह होतो. पहिल्या प्रकरणात दैवतकथा सांगू नका. एक व्यवहार दाखवा आणि तो बिघडताना दाखवा. नियम वाचक स्वतः ओळखतो, आणि स्वतः ओळखलेला नियम तो विसरत नाही. उदाहरणार्थ:

‘पहाटे कोंडीनं घागर उचलली तर ती अर्धीच. तिनं दगडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “डोळा लागला होता का तुमचा?” तो काही बोलला नाही. शेजारच्या दगडावरून म्हातारा तुकानाना उठून बसला होता. त्याची घागर काठोकाठ होती, आणि गेली कित्येक वर्षं त्याला झोप येत नाही हे गावाला ठाऊक होतं.’

मोबदला, माप, फसवणूक आणि एक नियम मोडल्याचा संशय, सगळं पाच-सहा ओळींत आलं. तुकानानाकडे देण्यासारखी झोपच नसेल तर घागर कुणाच्या झोपेनं भरली, हा प्रश्न घेऊन वाचक दुसऱ्या प्रकरणात जातो. तिथे पुजाऱ्याची कथा येऊ द्या, तिसऱ्या-चौथ्यात खणणाऱ्यांची. मालकांची कथा मी सगळ्यांत उशिरा आणीन, एखाद्या लग्नात किंवा वाटणीच्या बैठकीत, जिथे ती ऐकून घ्यावीच लागते.

लिहिताना शेजारी एक वेगळी वही ठेवा. तीत फक्त तीन रकाने: नियम, तो पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात दिसला, तो कुणी मोडला. एखादा नियम कुणीच मोडत नसेल तर तो कथेला लागत नाही, काढून टाका. आणि शेवटच्या संकटातून सुटका करणारा नियम कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात कुठेतरी, अगदी घरगुती प्रसंगात दिसलेला असला पाहिजे. तुकानानाची भरलेली घागर तशीच पहिल्या पानावर ठेवली आहे.